रक्त देण्याआधी घेतलेली गोळी

मंगळवार, संध्याकाळी सात

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. ताईनं मला किडनी दिली त्याला आठ महिने झाले. आज रक्तात किडनी टिकवायच्या औषधाचं प्रमाण जास्त निघालं, म्हणून डॉक्टरांनी डोस कमी करायला सांगितलं. पण तपासणीच्या दिवशी त्याची सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची असते. मी ती आधीच घेतली होती. लॅबमध्ये विचारलं, तर ‘नाय घेतली’ म्हणालो. का? चिकलठाण्याच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवून पुन्हा यावं लागेल म्हणून? एवढ्यासाठी?

डोस कमी पडला आणि शरीरानं किडनी नाकारली तर? ती काय माझ्या एकट्याची आहे?

शेवटी ताईला फोन करून त्या गोळीचं सांगितलं. वाटलं, रडेल.

“मला काय सांगतोस? डॉक्टरला लाव फोन!”

लावला. डॉक्टर म्हणाले, “डोस पहिल्यासारखाच ठेवा. उद्या सकाळी गोळी न घेता रक्त द्या.”

ताईला कळवलं. “उद्या मीबी येते तिथं,” ती म्हणाली.

चाळीस वर्षांचा माणूस मी. पण तिला नको म्हणवलं नाही.