लाल ठिपका

३ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं मनानं रचतोस, म्हणून पत्र. शिवाय मी टपाल छाटायची नोकरी करते. घरच्यांनीच पत्रं लिहिली नाहीत तर माझं कसं व्हायचं?

काम तुझ्या चष्म्या-भिंगांच्या धंद्यातलंच आहे. नेमबाजी क्लबनं मला बारीक गोळीची जुनी पॉइंट टूटू रायफल दिली आहे. संघात चौघं जातात आणि मी पाचवी. एप्रिलच्या स्पर्धेत पन्नास मीटरवर दुर्बीण चालते, पण ती ज्याची त्यानं आणायची. दुकानात तीन पाहिल्या. एक साधी, चारपट मोठं दाखवणारी. दुसरी तीनपासून नऊपटीपर्यंत फिरवता येणारी, दिसायला झकास आणि महाग. तिसरी नऊपट आणि तरी स्वस्त, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. ऐपत पहिलीची आहे, जीव दुसरीवर आहे. तू म्हणशील ते प्रमाण.

आई रोज विचारते, मामानं डोळे दाखवले का? ती तुझ्याकडे आली होती तेव्हा तू चहा कपाच्या शेजारी ओतलास, हे ती विसरलेली नाही. तिला मी काय सांगू ते लिही.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, सल्ला तेवढा लवकर धाड.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नऊपटीचा नाद सोड. जितकं मोठं दिसेल तितका तुझ्या हाताचा थरथराटही मोठा दिसेल, आणि घाबरून तू घोडा झटक्यानं ओढशील. टूटूला धक्का तो काय! तिला दणकट, जडशीळ दुर्बीण लागत नाही. चारपट पुरे, काच तेवढी चांगली हवी. तिसरीकडे ढुंकूनही पाहू नकोस.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. बहुतेक दुर्बिणी मोठ्या रायफलींसाठी शंभर मीटरवर बसवलेल्या असतात. पन्नासवर डोळा जरा हलला की आतली फुली निशाणावरून सरकते, आणि माणूस उगाच आपल्या हाताला दोष देतो. माझ्याकडे मोडीत आलेली एक जुनी चारपटीची आहे, काच अस्सल. पुढचं भिंग फिरवून ती पन्नासवर आणून देतो. दुकानाच्या दारातून समोरच्या शिंप्याची पाटी बरोबर पन्नास मीटरवर आहे, मी टेप धरून मोजली. तुझे पैसे तुझ्यापाशीच राहू देत.

तुझ्या आईला सांग, हल्ली मी पेपर चष्म्याशिवाय वाचतो. सदुसष्टाव्या वर्षी! तिला जमतं का विचार. तो चहा हातामुळे सांडला.

पार्सल निघालं की कळवतो. मन लावून सराव कर, खांदा सैल ठेव.

तुझा,
मामा

२७ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

दुर्बीण पोचली. गुंडाळलेल्या कापडाला तुझ्या दुकानाचा वास होता, फार बरं वाटलं. डोळ्याकडच्या कडीवर तुझा लाल ठिपकाही पाहिला. लहानपणी तुझ्या गल्ल्याशेजारी बसायची तेव्हापासून ठाऊक आहे: तू एखादी गोष्ट बसवलीस की मामीच्या नखपॉलिशचा थेंब लावतोस, आणि त्या थेंबाला हात लावणाऱ्याची खैर नसते. मी लावलेला नाही.

पण मामा, रागावू नकोस, फुली धूसर दिसते. निशाणावरचं काळं वर्तुळ ओल्या कागदावर शाई फुटावी तसं दिसतं. पाच दिवस सराव केला आणि पाचवीची सहावी झाले. आमचे सर म्हणाले, दुर्बीण काढून टाक. मी म्हटलं, माझ्या मामानं बसवली आहे, चूक माझीच असणार. वाटेत पडली असेल का रे? निवड पंचवीस मार्चला आहे. मला खरंच जायचंय.

वाट पाहते. उत्तर रागानं लिहिलंस तरी चालेल.

भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नाचता येईना, अंगण वाकडं! चाळीस वर्षं भिंगं बसवतोय. त्या दुर्बिणीतून मला शिंप्याच्या पाटीवरचं शेवटचं बारीक अक्षरसुद्धा दिसलं. दुर्बीण ठणठणीत आहे. तुझे डोळे तपासून घे आणि ठिपक्याला हात लावू नकोस.

रागावलेला तरी तुझाच,
मामा

ता. क. मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी घुसडते. परवा यांनी शिंप्याला हात केला, दुकान बंद होतं. डॉक्टरांचं नाव काढलं की जेवणावरून उठतात. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

१४ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे डोळे तपासले. डॉक्टरीण म्हणाली, इतके निर्दोष डोळे तिला महिन्यात एकदा दिसतात.

मग मी ठिपका फोडला. काय ओरडायचं ते ओरड. कडी फिरवत गेले आणि अडीच फेऱ्यांनंतर फुली केसासारखी रेखीव झाली. पुढची बाजू तू चोख बसवली आहेस. डोळा कितीही हलवला तरी फुली तसूभर सरकत नाही, सरांनीही तोंडात बोट घातलं. फक्त डोळ्याकडची कडी तुझ्या डोळ्याला जुळवलेली होती. अडीच फेरे, मामा!

तूच मला शिकवलं होतंस. म्हातारं गिऱ्हाईक खुशीत येऊन म्हणालं की आता चष्म्याशिवाय वाचता येतं, तर त्याला चष्मा विकायचा नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं, मोतीबिंदू पिकतोय. तुला सगळं माहीत आहे. गिऱ्हाइकाला सांगतोस आणि स्वतःपासून लपवतोस, म्हणून मला राग आलाय, आणि भीतीही वाटते.

निवडीनंतर चार दिवसांची रजा टाकली आहे. मी येते, आपण दोघं जाऊ. नाही म्हणालास तर दुर्बीण परत करीन आणि उघड्या डोळ्यांनी सहावी येईन.

तुझीच,
भिंगरी

६ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्यानं रेघ सरळ येत नाही, म्हणून मी सांगतो आणि मामी लिहिते. तू परत गेलीस आणि घर गप्प झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालं, दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तू चौथी आलीस हे मी हॉस्पिटलात कंपाउंडरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

तुझे आजोबा याच ऑपरेशननंतर आंधळे झाले होते. अकरा वर्षं मी त्यांचा हात धरून फिरलो. ती भीती कुणाला सांगता आली नाही, म्हणून पेपरची बढाई मारली.

आणखी एक. दुर्बीण दोन दिवसांत तयार झाली होती, पण मी ती आठवडाभर धाडली नाही. ती कडी फिरवली आणि वर्षभरानं मला रस्ता स्वच्छ दिसला. रोज दारात बसून बघायचो. एकदा तुझी मामी बाजारातून येताना दिसली. कोपऱ्यावर थांबून तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा घेतली. केस किती पांढरे झालेत ते मला तेव्हा कळलं. घरात समोर असायची, पण दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी ठिपका लावला आणि पार्सल बांधलं. हे मामीला सांगू नकोस.

ही शेवटची ओळ ती लिहायला तयार नव्हती. लिहिली, आणि आता डोळे पुसते आहे. मला दिसतंय.

स्पर्धेत श्वास सोडून मग घोडा दाब. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझा,
मामा