चार बोटांची फट

जालना, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

फिरत्या दवाखान्याच्या मोटारीचे पडदे मागल्या महिन्यात मीच शिवले. डॉक्टरीणबाई तिच्यातच बाया तपासतात, दौऱ्यावर झोपतातही तिच्यातच. हिरवं कापड त्यांनी भरपूर दिलं होतं. मी चुण्या कमी घातल्या अन् वाचलेल्या कापडाची माझ्या स्टुलाला गादी केली. उरलेलं कापड शिंप्याचं, हे सगळेच मानतात. पण हे उरलं कुठं? मी उरवलं.

आज दुपारी बाई दुकानात आल्त्या. म्हणाल्या, "मामा, पडदे मधे मिळत नाहीत. चार बोटं फट राहते."

मंठ्याला कुणीतरी त्या फटीतून आत डोकावलं. तपासायला निजलेली पोटुशी बाई तशीच उठली, लुगडं सावरत निघून गेली. पुन्हा आली न्हाई. चार बोटांपायी.

"कापड कमी पडलं का?" बाईंनी विचारलं.

"जरा कमीच पडलं," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून?

"मग चूक माझीच. उद्या आणखी आणते."

एरवी बाई आल्या की मी उठून उभा राहतो. आज उठलोच न्हाई. उठलो असतो तर खालची गादी दिसली असती. त्यांना वाटलं, माझे गुडघे धरले. पिशवीतून गोळ्या काढून मशीनवर ठेवल्या. "उठू नका, मामा," म्हणाल्या.

आत्ता गादी उसवली. फट भरून वर कापड उरतंय. गोळ्या मशीनवर तशाच आहेत.

उद्या बाई येतील. उभं राहावंच लागेल.