'जरा चुकलंच' आणि आमचं घर

सोमवार, १० नोव्हेंबर

आज पुन्हा तेच! केळीच्या रोपवाटिकेतून दमून आले, तर घरात दिवा नाही, चहा नाही. आई आणि यामिनी वहिनी टीव्हीला चिकटलेल्या. 'जरा चुकलंच'. त्या मालिकेतला निहार म्हणे फार गोड. काय गोड? दर भागात काहीतरी घोळ घालतो, अडचण आली की फोन बंद करून पळतो, मग पडेल चेहऱ्याने ऋताच्या दारात उभा. ती चिडते, नाही नाही ते बोलते, आणि शेवटी हसते. या दोघीही हसतात. बाबा होते तेव्हा आई अशी हसलेली मला आठवत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रोपवाटिकेतही तोच विषय. पिशव्यांत माती भरता भरता बायका निहारचं वाक्य म्हणून दाखवतात — "मी वाईट नाही गं, फक्त वेळेवर नसतो." आणि खिदळतात. वेळेवर नसणं म्हणजे काय, ते मला विचारा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शेवटी मीही पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत, हिरव्या जाळीखाली बसून, मोबाइलवर. एकच भाग बघणार होते. तीन झाले.

लबाड आहेत लिहिणारे. ऋता चांगली बाई नाही. तोंडाची फटकळ, जुन्या गोष्टी उकरून काढणारी. ती बोलायला लागली की मला माझाच आवाज ऐकू येतो. आणि तरी तिच्यावर कुणीतरी जीव टाकतं. बायका निहारसाठी बघत नसाव्यात. आपल्यासारखी वाकडी बाईही कुणाला हवी असते, हे बघायला बसतात. मी हसले, एकदा डोळेही पुसले. स्वतःचाच राग आला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वहिनीने मला मोबाइलवर बघताना पकडलं. आता घरभर आनंद!

जेवताना आईने विषय काढलाच. "माणूस शे, चुकस. ती ऋता माफ करस ना? मंग तू बी कर." म्हणजे उमाकांतला, माझ्या नवऱ्याला.

मी ताट सारून उठले. निहार फोन बंद करतो तेव्हा मागे गाणं वाजतं. जुलैत सासरी, खापरला, माझ्या पोटात कळा सुरू झाल्या, तिसरा महिना होता, तेव्हा काही वाजलं नाही. शेजारच्या सोमीबाईंनी उमाकांतला त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं. तो "येतो" म्हणाला आणि आलाच नाही. फोन बंद. सोमीबाईंनीच मला दवाखान्यात नेलं. बाळ गेलं. हा सीमेपलीकडे गुजरातेत मित्राकडे जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी उगवला. म्हणाला, घाबरलो होतो. तेवढंच. नंतर त्या विषयावर शब्द नाही. मी शहाद्याला माहेरी निघून आले.

घाबरला होता हे खरं असेल. तो दुष्ट नाही, मला ठाऊक आहे. तेच तर चीड आणणारं आहे — दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

उमाकांत आला. आईने शिरा केला. जावई आला ना!

आम्हाला पुढच्या खोलीत एकटं सोडलं. त्याने आधी पंख्याकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाला, "भाविका, मी वाईट नाही गं. फक्त वेळेवर नसतो."

मला आधी कळेचना, हसावं की काहीतरी फेकून मारावं. म्हटलं, "हे टीव्हीतलं आहे. तुझं काय ते बोल."

तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "यामिनी वहिनी म्हणाल्या, तुला ते आवडतं."

चार महिन्यांत एक वाक्य, तेही उसनं. स्वतःचं काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने शिरा संपवला. जाताना आईला सांगून गेला, पुढच्या रविवारी न्यायला येतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सगळे एका बाजूला. वहिनी म्हणते, किती लाजला बिचारा, अगदी निहार! रोपवाटिकेतल्या बायका म्हणतात, आला तरी. आई म्हणते, एक संधी दे.

मीच जास्त ताणते आहे का? फटकळ तर मी आहेच.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जाईन बहुतेक. भांडायचाही कंटाळा आला आहे. साड्या बॅगेत भरल्या. वहिनीने गजरा आणून ठेवायचं कबूल केलं. आई दारातूनच बॅगेकडे बघून गेली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

संध्याकाळी आत गेले तर आई माझी बॅग उघडून बसलेली. साड्या एकेक करून परत कपाटात लावत होती. बाहेर 'जरा चुकलंच' चालू होतं, ती बघायला गेली नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बी परत गयी व्हती. सुधरी जाई, आसं समदा सांगेत. तुन्हा बाप मरे तोपर्यंत नही सुधरना."

मला हे माहीत नव्हतं. कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

उद्या उमाकांत येईल. दार आई उघडणार आहे.