नारळ एकच होता

मी, आत्माराम विठोबा भाटकर, वय अडुसष्ट, धंदा आंब्याचा, राहणार रत्नागिरी, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, दम तेवढा लागतो. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. पत्नी आनंदीबाई समोर खोबरे खवत बसली आहे आणि मी प्रत्येक कलम तिला वाचून दाखवतो आहे, ते दडपण धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खोडले की पुढे भांडणे लागतात असे आमचे वकील दामोदरपंत सांगून गेले आहेत, म्हणून चुकले तरी खोडणार नाही. तसेच ठेवून पुढे लिहीन.

कलम पहिले. राहते घर, विहीर, परसातली बांबूची बेटे आणि घरातले सामानसुमान आनंदीबाईच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्या पश्चात मुलगा हरिहर याचे. तो मुंबईस नोकरीला आहे. त्याने घराला पत्रे घालू नयेत. कौले गळतात हे खरे, पण पत्र्याखाली पावसात माणसाला माणसाचे ऐकू येत नाही, आणि या घरात आधीच कमी बोलले जाते.

कलम दुसरे. पावस गावची हापूसची बाग हरिहरची. बागेच्या कडेचे रायवळ झाड तोडू नये. त्याचा आंबा विकला जात नाही, पण त्याच्यासारखी आंबट-गोड चव दुसऱ्या कोणत्याच झाडाला का येत नाही याचा मी चाळीस वर्षे तपास करतो आहे. तो अपुरा राहिला. हरिहरने पुढे चालवावा.

कलम तिसरे. पोस्टातली शिल्लक आनंदीबाईची. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम चौथे. माझी दुर्बीण, होकायंत्र आणि मी उघडलेली तीन घड्याळे मुलगी कमला हिला द्यावीत. घड्याळे आत काय असते ते पाहण्यासाठी उघडली होती. पाहिले. परत जोडताना प्रत्येक खेपेस एखादे चाक उरले, ती चाके डबीत आहेत. कमला लहानपणी माझ्या शेजारी बसून "बाबा, हे का फिरतं?" असे विचारायची. घरात मला प्रश्न विचारणारी ती एकटीच, म्हणून तिला.

कलम पाचवे. बाळा गुरव याने नेलेली माझी छत्री परत मागू नये. तिची एक काडी मोडकी आहे हे त्याला आता कळले असेलच.

कलम सहावे, मोटारीबद्दल. हे लांबणार आहे.

सन १९२६ च्या शिमग्यात मी मुंबईच्या एका लिलावात विलायती मोटार घेतली. चामड्याच्या गाद्या, पितळी दिवे, आत बोलायचे आणि पुढे हाकणाऱ्याला ऐकू जायचे अशी नळी. तिला घरात "थोरली" म्हणतात. ती आगबोटीने आली. आगबोट आपल्याकडे बंदराला लागत नाही, समुद्रात उभी राहते. म्हणून दोन पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, एकमेकांना बांधले, वर फळ्या टाकल्या आणि मोटार त्यावर उतरवली. पडाव हलत होते. तेव्हा माझा धाकटा भाऊ गंगाराम मोटारीत शिरला आणि किनारा येईपर्यंत चाक धरून बसला. पाण्यावर मोटारीचे चाक धरून काय उपयोग, हे मी तेव्हाही विचारले होते. तो म्हणाला, "दादा, कोणीतरी धरायला नको?" लाटेने नखशिखांत भिजला, पण चाक सोडले नाही.

किनाऱ्यावर गाव जमले होते. नव्या वाहनापुढे नारळ फोडायचा, आणि तो फोडण्याचा मान कोणाचा हे आपल्याकडे आधी ठरलेले असते. पालखीपुढचे मान असतात तसेच हे; आमच्या घरात तो धाकट्या भावाचा. त्या दिवशी एक बडे अंमलदार बंदरावर होते. मी नारळ त्यांच्या हातात दिला. गंगाराम मोटारीतून उतरला आणि भिजल्या धोतराने घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघांच्या आवारांमधल्या गडग्यावर, म्हणजे रचीव दगडांच्या कुंपणावर, आणखी एक थर चढलेला होता.

त्यात माझे चुकले असे मी येथे लिहीत नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून एवढेच लिहितो की नारळ एकच होता.

ज्याला आमची जागा ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. माझे घर उताराला आहे आणि वरच्या रस्त्यावरून घरी यायला पाखाडी आहे, म्हणजे दगडी पायऱ्या. पायऱ्यांवरून मोटार येत नाही, हे मोटार घेताना माझ्या लक्षात आले नाही असे लोक म्हणतात. लक्षात होते. गंगारामच्या आवारातून बैलगाडीची चांगली वाट खाली येते. गडग्याचे चार हात दगड काढले की मोटार माझ्या दारात. सख्ख्या भावाचा गडगा, म्हणून मी निर्धास्त होतो. तेव्हापासून थोरली वर, रस्त्याकडेच्या मांगरात, गुरांच्या जुन्या छपरात, उभी आहे आणि आम्ही खाली. ती माझ्या दारात एकदाही आलेली नाही.

आता ती म्हातारी झाली आहे. एकदा पालीच्या वाटेवर चढावात तिचे पाणी उकळून गेले. कातळाच्या उघड्या सड्यावर पाणी कुठले? आमची मोटार हाकणारा शिवा शहाळी घेऊन आला आणि आम्ही शहाळ्यांचे पाणी तिच्या टाकीत ओतले. अमृत माणसाला चालते तर यंत्राला का चालू नये, हे मला पाहायचे होते. चालत नाही. महिनाभर काकवीसारखा वास येत होता आणि तेव्हापासून ती चढावर माझ्यासारखीच धापा टाकते. पुढे दोन मोसम आनंदीबाईने मागच्या गाद्यांवर गवत पसरून आंब्यांची आढी घातली. काचा लावल्या की आत छान ऊब राहते आणि फळ एकसारखे पिकते, हे खरे आहे. अजूनही दार उघडले की वैशाखाचा वास येतो.

हरिहर लिहितो, विका. कोल्हापूरचे एक गिऱ्हाईक पालीपर्यंत येऊन न्यायला तयार आहे. आनंदीबाईचे मात्र "बघा तुम्हीच" यापलीकडे उत्तर नाही. डॉक्टरांनी मला पाखाडी चढायची बंदी केली आहे आणि आनंदीबाईचे गुडघेही गेले आहेत. जी मोटार दोघांनाही दिसत नाही ती ठेवून काय करायचे? म्हणून लिहितो: थोरली माझ्या पश्चात विकावी.

हे वाक्य लिहून मी थांबलो आहे, कारण एका गोष्टीचा उलगडा न होता तिला कोल्हापुरास जाऊ देणे माझ्या जिवावर येते.

गोष्ट अशी. दरवर्षी मिरगाच्या आधी थोरलीच्या पुढच्या अंगावर कोणीतरी इरले घालते. भातलावणीच्या बायका डोक्यावरून पाठीवर घेतात तसेच, बांबूच्या कामट्यांचे आणि पळसाच्या पानांचे, पण मोटारीच्या मापाचे. मांगर गळतो, तरी यंत्रावर थेंब जात नाही. दिवेही पुसलेले असतात. मी शिवाला विचारले. तो म्हणाला, "मी नाय घातलं, भाऊनु. माझ्या हातची येवढी बारीक वीण नाय." मग वाडीला विचारले, सुताराला विचारले. शेवटी बाळा गुरवाला सांगून देवाला कौल लावला. देवाने लगेच उजवा कौल दिला. पण मी "कोण" असे विचारले होते, उजव्याचे काय करायचे? बाळा म्हणाला, "देवाला हो की नाही असं विचारायचं असतं, आत्मारामभाऊ. नावं सांगायला तो तलाठी आहे काय?" तेव्हा एकेक नाव घेऊन विचारावे असे ठरले, पण बाळाला घाई होती.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांची नजर चुकवून मी पाखाडी चढलो, शेवटचे एकदा पाहावे म्हणून. नवे इरले आलेले होते. पाने अजून हिरवी होती. म्हणून येथे लिहितो: इरले विणणारा अज्ञात आहे, तो सापडल्यास—

येथे आनंदीबाईने खवणी थांबवली.

"अज्ञात कशाला? गंगाभावजी विणतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कामट्यांना बांबू आपल्याच परसातला. मी तोडून गडग्याला लावून ठेवते, ते पलीकडून उचलतात."

"इतकी वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही शिवाला विचारलंत. सुताराला विचारलंत. देवालासुद्धा विचारलंत. मला विचारलंत कधी?"

एवढे लिहून त्या दिवशी मी दौत झाकली. मला माझा भाऊ हवा आहे, हे मी मोटारीच्या कलमात लिहीन असे वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी. वरचे विकण्याचे वाक्य रद्द. थोरली गंगारामला द्यावी.

तिसऱ्या दिवशी. हेही रद्द. दामोदरपंत येऊन वाचून गेले. मी त्यांना सांगितले की साक्षीदार म्हणून गंगारामला बोलवायचे आहे. ते म्हणाले, "ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्यानं साक्ष घातली, तर साक्ष टिकते पण देणगी बुडते. भावाला गाडी द्या किंवा भावाची सही घ्या." मी विचारले, साक्षीदाराने नेमके काय करायचे असते? म्हणाले, "समोर बसायचं. तुम्ही सही करताना पाहायचं. मग तुमच्यादेखत आपली सही करायची."

समोर बसायचे. मी रात्रभर विचार करीन असे वाटले होते, पण पंत दारातून बाहेर पडायच्या आत ठरले. मोटार काय, पत्र्याची आहे. मी त्यांना आणखी एक विचारले: "नारळ फोडण्याचा मान ही मिळकत होते काय?" पंत चष्मा पुसत म्हणाले, "कायद्यात मान बसत नाही. खुशाल द्या."

म्हणून कलम सहावे, अखेरचे आणि कायम: थोरली आनंदीबाईची. ती विकू नये. कोल्हापूरच्या गृहस्थांना नम्रपणे नकार कळवावा. गडगा गंगारामचा आहे. दुसऱ्याच्या गडग्याची व्यवस्था मला माझ्या मृत्युपत्रात लावता येत नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. पण पुढेमागे थोरली माझ्या दारात आलीच, तर तिच्यापुढचा नारळ गंगारामने फोडावा. बडे अंमलदार, असल्यास, बाजूला उभे राहतील.

कलम सातवे. मला उचलाल तेव्हा पाखाडीवरून जपून न्यावे. सातवी पायरी हलते.

आनंदीबाईने गडग्यापाशी उभे राहून गंगारामला निरोप दिला आहे. त्याने "बरं" म्हटले, एवढेच तिने सांगितले. "बरं" कसे म्हटले, हे मी तिला तीनदा विचारले. वर लिहिलेले सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

(सही) आत्माराम विठोबा भाटकर

साक्षीदार:

१. मी बाळा सोमा गुरव. आत्मारामभाऊंनी माझ्यादेखत सही केली. छत्रीची काडी मी बदलून घेतली आहे.

२. मी गंगाराम विठोबा भाटकर, मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. दादाने माझ्यासमोर सही केली, मी दादासमोर करतो. दौत मी धरली. पाखाडीने आलो नाही. गडग्याचे दगड सकाळीच काढून ठेवले आहेत, त्या वाटेने आलो. दादा मरेपर्यंत थांबायचे कारण मला दिसत नाही. शिवा वर गाडीला हँडल मारतो आहे, आवाज येथवर ऐकू येतो. नारळ दोन आणले आहेत.

ठिकाण रत्नागिरी, तारीख २ जून १९३८.