धबधब्यासाठी दगड

रुपेश,

लोधिवलीच्या बंगल्यातला तुझा धबधबा काल बघून आलो. राग मानू नको, पण नकली दिसतोय. सगळे दगड तू उभे केलेस. आपल्या ओढ्यात दगड आडवे पडलेले असतात, अर्धे मातीत. तसे पुर आणि वर ताकात शेवाळ कालवून फास.

धार पडते तिथं झिजलेला दगड पायजे. खदानीत तसा मिळायचा नाय. मागच्या दारचा तुझ्या आईचा धुण्याचा दगड पहारीनं मोकळा करून ठेवलाय. ती गेल्यापास्नं कोरडाच हाय. मधे खळगा पडलाय, धार त्यातच पडू दे. शेटनं विचारलं तर ओढ्यातला हाय म्हणून सांग.

भात झाकलाय. मी कर्जतला चाललोय, दुपारी येईन. मी यायच्या आत दगड घेऊन जा.

बाबा