अनफिट टीमचा फिट मॅनेजर

३ फेब्रुवारी, सोमवार
काल पुन्हा हरलो. म्हणजे टीम हरली. माझे डावपेच शेवटपर्यंत शाबूत होते. क्लबच्या सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, येत्या रविवारीही असंच झालं तर मॅनेजर बदलू. सूर प्रेमळ होता. मला धास्ती वगैरे नाही. रात्री झोप लागली नाही ती उशीमुळे.

पराभवाची मीमांसा केली. दोष डावपेचांत नसून देहांत आहे. संकल्प: उद्यापासून रोज पहाटे मैदानावर सर्वांची आरोग्यतपासणी, मग माझं ‘देह आणि चेंडू’ हे व्याख्यान, वेळ उरल्यास बेसबॉल.

४ फेब्रुवारी, मंगळवार
निदान भयंकर. आमचा पिचर एरवी गॅरेज चालवतो. त्याचा चेंडू फेकायचा खांदाच धरलाय. कॅचरचा गुडघा कुरकुरतो. फर्स्ट बेसवरच्या डेंटिस्टला चक्क दाढदुखी. सगळ्यात जोरात पळणारा म्हणून ज्याला आम्ही ससा म्हणतो, त्याच्या पायात गोळे. नोंद घेण्यासारखी गोष्ट: या सर्व व्याधी व्याख्यान सुरू होताच बळावतात. लोकांची उभं राहायची सवयच गेलीये.

५ फेब्रुवारी, बुधवार
पिचरला चेंडू फेकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत समजावली. आधी श्वास, मग मन, मग मनगट. मनापर्यंत आलो तोच त्यानं विचारलं, सर, फेकायचा कधी? उतावीळ. मग खांदा धरून खाली बसला.

घरी हा विषय काढला तर ही म्हणते, अहो, काल संध्याकाळी तो गॅरेजात ट्रकचं टायर एकटा उचलत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, साहजिक आहे. दुखणं विश्वासाच्या माणसासमोरच बाहेर येतं. ही नुसती हसली. पटलं असावं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
कॅचर गैरहजर. त्याच्या बायकोचा फोन: ताप आहे. किती, म्हणून विचारलं, तर पलीकडे तोंड वळवून तिनं नवऱ्याला विचारलं, अहो, किती सांगू? नवऱ्याच्या शब्दाबाहेर आकडासुद्धा न सांगणारी अशी घरं हल्ली विरळा.

८ फेब्रुवारी, शनिवार (आडवं पडून लिहितोय)
बेसच्या गादीकडे घसरत कसं जावं, हे शब्दांत सांगून भागेना. प्रात्यक्षिक दिलं. धावलो, झेपावलो. बेस जागच्या जागी राहिला, अलीकडे मीही. कमरेत काहीतरी वाजलं.

टीमनं उचलून घरी आणलं. डोक्याकडची बाजू पिचरनं एकट्यानं पेलली, तीही दुखऱ्या खांद्यानं. याला म्हणतात गुरुभक्ती! डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उठायचं नाही.

आणि उद्या मॅच! ससा म्हणाला, तुमच्या जागी वहिनी येऊ देत की. मी म्हटलं, अरे, तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. डेंटिस्ट पटकन म्हणाला, मग तर फारच छान. दाढेच्या कळा, बिचाऱ्याला भान नसावं.

रात्री हिला सर्व सूचना तोंडपाठ करायला लावल्या. दुसऱ्या सूचनेला ती झोपली.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
जिंकलो!!

हिला विचारलं, सूचना कधी दिल्यास? म्हणाली, त्या राहूनच गेल्या. मग बोललीस काय? म्हणाली, ‘खेळा’ म्हटलं. एवढंच. खांदा, गुडघा, दाढ, गोळे, सगळं एका दिवसात नाहीसं. उघड आहे: आठवडाभराच्या माझ्या उपचारांना आज गुण आला. औषध भिनायला वेळ लागतोच. ससा म्हणे घसरत थेट बेसवर पोचला. प्रात्यक्षिक वाया गेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
अख्खी टीम भेटायला आली. कॅचरनं विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी म्हटलं, आठवडाभर. मग कॅचर म्हणाला, कमरेचं दुखणं वाईट हो सर, सीझन संपेपर्यंत तरी जपा. डेंटिस्टनं वैद्यकीय दुजोरा दिला. कंबर दातांत येत नाही, हे मी बोललो नाही. एवढ्या मायेत चुका काढू नयेत.

पाठोपाठ सेक्रेटरी. मॅनेजरपद माझ्याकडेच राहणार! अट किरकोळ: मैदानावर यायचं नाही, तिथला गारवा कमरेला बाधतो. मैदानाचं तेवढं वहिनी बघतील. किती जपतात ही माणसं.

१६ फेब्रुवारी, रविवार
कंबर ठणठणीत. पण शब्द दिलाय, म्हणून घरीच. संकल्प: आजची मॅच फोनवरून चालवायची.

दुपार
पिचरनं फोन कट केला. कॅचरचा बंद. डेंटिस्टचा बिझी. सशानं उचलला, ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला आणि ठेवला. हिला सात वेळा लावला.

संध्याकाळ
शेवटी हिचाच फोन आला. मागे टाळ्या, शिट्ट्या, सशाचं खिदळणं. म्हणाली, अहो, इथे मैदानावर रेंजच येत नाही, उगीच लावत बसू नका.

शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला.