वाढवायचं ठरलं

३ डिसेंबर, बुधवार

आवाज गेले. सगळे!

ऑफिसचं कुलूप काढतोय तोवर फोन. पावसहून, तिथली बाग राखणाऱ्या हौसाबाई. "माझा आवाज कुठं गेला ता मला सांगा." फोनवर त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. पण त्या कुठल्या आवाजाबद्दल बोलतायत ते मला लगेच कळलं.

आमचं 'राखण' नावाचं ॲप. बागेत राहणारा माणूस रोज फोनमध्ये बोलून ठेवतो — मोहोर आला का, फवारणी झाली का, वानर येऊन गेले का — आणि मुंबईत बसलेला बागमालक ते जेवताना ऐकतो. हे सगळं मी इथे कशाला लिहितोय? ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार? लिहिलं की बरं वाटतं म्हणतात. वाटलं नाही.

कारण सापडलं. माझ्या आधी इथे दर्शन काम करायचा, आता पुण्यात असतो. त्याने आवाजाच्या फायली कंटेनरच्या आतच ठेवलेल्या. कंटेनर म्हणजे सर्व्हरवर ॲप राहतं ते बिऱ्हाड. आज आहे, उद्या नाही. कुबरनेटिस, म्हणजे ही बिऱ्हाडं सांभाळणारी यंत्रणा, त्याला वाटेल तेव्हा उठवतं आणि त्या जागी नवं कोरं बिऱ्हाड आणून बसवतं. जुन्याने आत जे काही ठेवलं असेल ते त्याच्याबरोबर गेलं. काल सर्व्हर एकदा बंद होऊन चालू झाला. एवढंच झालं. इतके दिवस बंद पडला नव्हता, हे दर्शनचं नशीब.

हौसाबाईंना मालकाने विचारलं म्हणे, बागेत गेलीस तरी होतीस का? त्यांना फार लागलंय ते. मलाही.

४ डिसेंबर

शेठना समजावलं. भिकाजीशेठ म्हणजे खाली नारळ-मिरचीचं होलसेल दुकान. वरच्या मजल्यावर आमची कंपनी, म्हणजे मी. कंपनी काढली त्यांच्या मुलाने, सुहासने. तो दुबईला गेला आणि कंपनी बापाच्या गळ्यात राहिली.

म्हटलं, बिऱ्हाडं बदलली तरी माल जागच्या जागी राहील असं एक पक्कं गोडाऊन हवं. पटलं. गोडाऊन म्हटलं की शेठना पटतंच. मग मी म्हटलं, गोडाऊन मिळायला बिऱ्हाडाने आधी दावा लावायचा असतो.

"दावा? कोणी लावला?"

चुलतभावाशी हद्दीच्या गडग्यावरून त्यांचा दावा चालू आहे, दर्शन शाळेत होता तेव्हापासून. म्हटलं, शेठ, तसला नाही, कॉम्प्युटरमधला.

"कसला का असेना. माझ्या इमारतीत दावा नको."

आजपासून दाव्याला मागणी म्हणायचं.

५ डिसेंबर

मागणी पेंडिंग.

६ डिसेंबर

मागणी पेंडिंग. घरी तेजलला सांगितलं. बायको झाली तरी मूळची शिक्षिका, तिला अडकलेल्या अर्जांचा अनुभव दांडगा. म्हणाली, पेंडिंग आहे ना, मग नुसता बसून काय राहिलायस, कोणाला तरी जाऊन भेट.

८ डिसेंबर, सोमवार

मिळालं! कुठल्या प्रकारचं गोडाऊन हवं त्याच्या नावात माझ्याकडून एक अक्षर जास्त पडलं होतं. त्या नावाचं काही जगात नाहीच, म्हणून मागणी नुसती बसून. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. जास्तीचं अक्षर काढलं आणि डोळ्यांसमोर जोडणी झाली.

हौसाबाईंना फोन करून म्हटलं, काहीही बोलून ठेवा. त्यांनी ठेवलं: "हॅलो. कलमांवर पालवी हाय. मोहोर नाय अजून. वानर येऊन गेले. मी बागेतच हाय, कुठं गेलेली नाय." शेवटचं वाक्य मालकासाठी.

मग मुद्दाम बिऱ्हाड उडवलं. नवं आलं. कान देऊन ऐकलं — हौसाबाई जिथल्या तिथे! एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. जरा वेडपट वाटलं, पण वाजवल्या.

खाली धावत जाऊन सांगितलं, शेठ, मारून बघितलं तरी आवाज राहिला. शेठ गल्ल्यावरच्या देवाला दिवा लावत होते. दिवेलागणीला मारलं-बिरलं बोलू नये, म्हणाले. अभद्र शब्द त्यांना चालत नाहीत. त्यांच्या दुकानात मीठ संपत नाही, दिवा विझत नाही आणि नारळ फुटत नाही.

११ डिसेंबर

दर्शनचा फोन. त्याच्या कंपनीत एक जागा आहे, माझ्यासाठी धरून ठेवलीय म्हणे. मंगळवारपर्यंत हो की नाही ते सांग.

पुण्यात मी राहून आलोय. तिथे मला सगळं यायचं, फक्त झोप यायची नाही. मला इथून जायचं नाही. इतकी साधी गोष्ट आहे, पण कोणाला सांगितली की लोक आळशी समजतात. प्रश्न एवढाच की शेठ हे किती दिवस चालवतील? नवे बागमालक येत नाहीत. मुलगा फोन उचलत नाही. शेठना सरळ विचारायला हवं. विचारलं नाही.

१२ डिसेंबर

आज माहिती नीट वाचली. मागणी रद्द केली की गोडाऊन मालासकट जमीनदोस्त! आणि हा बिघाड नाही, काही बदललं नाही तर हे असंच चालतं. मुळात कुणीतरी विचार करून ठरवलंय ते. त्याच्या गावात बंद घरं नसणार.

आमच्याकडे माणसं मुंबईला गेली की घराला कुलूप लागतं, किल्ली शेजारी. गणपतीत येऊन झाडायचं, परत कुलूप. कोणी राहत नाही म्हणून घर पाडून टाकू, असं कोणी म्हणत नाही. आमचे सगळे गावच तसे उभे आहेत.

'रिटेन' लावलं. म्हणजे मागणी गेली तरी राहू दे. हे शेठना सांगितलं नाही, उगाच मागणी जाते म्हटल्यावर परत अभद्र.

१४ डिसेंबर, रविवार

तेजलबरोबर भाट्याला. वाळूत बसलो. पुण्याचं सांगितलं. ती म्हणाली, तुला जायचं असेल तर मी शाळा सोडते. ही शाळा मिळवायला तिने काय काय केलंय ते मी बघितलंय. आणि हे ती भेळ खाता खाता, सहज बोलावं तसं बोलली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, शेठना विचारतो उद्या. नक्की.

१५ डिसेंबर

विचारावं लागलंच नाही. शेठ वर आले! गुडघ्यांमुळे ते कधी जिना चढत नाहीत. खुर्चीत बसले. पंखा बघितला, खिडकी बघितली, माझा बोर्ड वाचल्यासारखं केलं. चहा नको म्हणाले.

"स्वरूप, सुहासशी बोलणं झालं. महिनाअखेर हे वाढवायचं."

मी म्हटलं, किती?

"किती म्हणजे? सगळंच. अर्धवट कोणी वाढवतं काय?"

बाकीचं ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून बोलले — तू मन लावून केलंस, तुझं काहीतरी बघतो मी. म्हणजे पगार! उतरताना डोळे पुसत होते. मिरचीचा खकाणा जिन्यात साठून राहतो. कितीदा सांगितलं, एक पंखा लावा तिथे.

१६ डिसेंबर

दर्शनला नाही म्हणून कळवलं. परत विचार कर म्हणाला. ही जागा उद्या दुसऱ्याला जाईल. म्हटलं, जाऊ दे, आम्ही वाढवतोय.

तेजलने घावणे केले. शेठ हे सांगताना हसले का, असं विचारत होती. म्हटलं, शेठ कधीच हसत नाहीत. ते खरंच आहे.

१८ डिसेंबर

वाढवलं!

मागणीतला आकडा बदलायचा, थोडं थांबायचं, झालं. चांगलं ऐसपैस वाढवलं, शेठ सगळंच म्हणाले होते. माहितीत एक ओळ आहे: एकदा वाढवलेली जागा पुन्हा कमी करता येत नाही. मला ती ओळ फार आवडली. माघारीची वाटच नाही. असं काहीतरी पक्कं आयुष्यात असावं माणसाच्या.

खाली जाऊन सांगितलं, शेठ, वाढवलं. दचकले. "एवढ्यात? मी महिनाअखेर म्हटलं होतं." म्हटलं, करायचंच आहे तर उशीर कशाला? त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदाच. बराच वेळ ठेवला. मग पोत्यातून निवडून एक नारळ दिला, वर देवासमोर वाढव म्हणाले. वाढवला. पाणी गोड निघालं.

२२ डिसेंबर

दुकानातला सदू हमाल नारळाची पोती वर आणून रचतोय. माझ्या टेबलापर्यंत आली. म्हटलं, सदूदादा, मजला चुकला. "शेठनी सांगितलान, वर ठेव म्हणून."

खालचा धंदाही वाढलेला दिसतो. चांगलं आहे. खुर्ची खिडकीकडे सरकवली.

२४ डिसेंबर

हौसाबाईंचा फोन. नव्या वर्षापासून बोलून ठेवायचं नाही, असं शेठ त्यांना म्हणाले. "मंग मी कोनाशी बोलू?"

म्हटलं, गैरसमज झालाय, शेठना कॉम्प्युटरमधलं कळत नाही. उलट आता जागा भरपूर आहे, हवं तेवढं बोला. त्या बोलल्या! बागेबद्दल एक वाक्य. बाकी मुलगा फोन करत नाही, गुडघा दुखतो, शेजारणीची कोंबडी यांच्या पडवीत अंडी घालते आणि ती अंडी कोणाची. मालक ऐकतो की नाही देव जाणे. मी सगळं ऐकलं.

शेठना सांगायला हवं, माणसांना असं उगाच घाबरवू नका म्हणून.

२९ डिसेंबर

पावसला मोहोर! "आला गो बाय, आला," एवढंच बोलून हौसाबाई हसत सुटल्यात. मधेच फोन बंद करायला विसरल्या, पुढे नुसता वाऱ्याचा आवाज. तोही ठेवलाय. जागा आहे.

पोती खिडकीपर्यंत आली.

३१ डिसेंबर, बुधवार

शेठनी किल्ली मागितली. मी म्हटलं, कशाला?

"अरे, वाढवायला सांगितलं होतं ना तुला? दुकान वाढवतात तसं."

म्हणजे बंद. नारळ दिला तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरगा किती समजूतदार आहे, एक शब्द बोलला नाही. पोत्यांच्या आड जाऊन रडलो. मग मागणी काढून टाकली. आवाज राहिलेत. आता ते कोणाच्या नावावर नाहीत, पण आहेत.

किल्ली दिली.

घरी तेजलने विचारलं, आज काय केलंस?

म्हटलं, वाढवलं.

ती म्हणाली, "अजून?"